राजीनाम्याचे वाङ्मय

साहित्याच्या अभ्यासकाने ज्याकडे कधी गंभीरपणे पाहिलेले नाही, असा एक लेखनप्रकार आपल्या सार्वजनिक जीवनात गेली कित्येक वर्षे वाढत आहे. तो म्हणजे आरोप झालेल्या पुढाऱ्याचे राजीनामापत्र, आणि त्या पत्राच्या आगेमागे त्याच्या पक्षाकडून निघणारे खुलासे, निवेदने व निषेधाचे ठराव. लांबीने हा प्रकार अगदी तोकडा. बहुधा एका पानाच्या वर जात नाही. परंतु त्याचे वाचक लाखांनी मोजावे लागतात, आणि एखाद्या महाकाव्याने होणार नाही एवढा परिणाम तो राज्याच्या कारभारावर घडवून आणतो. असे असता त्याची परीक्षा केवळ वार्ताहरांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, हे काही योग्य नव्हे. पत्र कोणी, केव्हा व कोणाकडे दिले हे वार्ताहर सांगतो. ते काय सांगते आणि काय सांगण्याचे टाळते, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे.

कोणत्याही लेखनाची किंमत ठरवावयाची, तर प्रथम त्याचे प्रयोजन पाहावे लागते. पक्ष हा मतदारांकडे आपल्या माणसाच्या वतीने मत मागतो; त्या माणसाची जामीनकीच तो घेतो म्हणा ना. तेव्हा त्या माणसावर बालंट आले असता, जामीन राहिलेल्या पक्षाने तीन प्रश्नांची उत्तरे देणे क्रमप्राप्त ठरते. काय झाले? पक्षाला ते केव्हा कळले? आणि कळल्यावर पक्षाने काय केले? ‘आता खुर्चीवर कोण बसणार?’ हा चौथा प्रश्न या तिहींच्या मागून यावयाचा. आमच्या राज्यातील राजीनाम्याच्या वाङ्मयाचा मुख्य दोष असा की, ते नेमके चौथ्याच प्रश्नाचे उत्तर देते, आणि ते उत्तर मिळताच पहिले तीन प्रश्न संपले असे सर्वांनी मानावे, अशी अपेक्षा करते. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’ या चित्रपटातील व्यसनी म्हातारा मास्तर एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत राहतो, आणि त्या एका प्रश्नाने साखरसम्राटाचे सारे वैभव पोखरले जाते. त्या मास्तराला खुर्चीशी काही कर्तव्य नाही. झाले काय, एवढेच त्याला हवे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच्याच बाजूस उभे राहून हे वाङ्मय वाचणार आहो.

या वाङ्मयाची परंपरा पहिल्यापासून अशी निकृष्ट नव्हती. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ नागपुरास कारभार करीत असता, त्यातील न्यायमंत्री मोहंमद युसुफ शरीफ यांनी बलात्काराच्या एका खटल्यात शिक्षा झालेल्या कैद्याची मुदतीपूर्वी सुटका केली. लोकक्षोभ उसळला. त्या वेळी काँग्रेसच्या कार्यकारिणीने काय केले? कलकत्ता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे तिने प्रकरण अभिप्रायासाठी सोपवले. सर मन्मथनाथ पक्षाचे नव्हते; पक्षाच्या सोयीचा अभिप्राय देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. त्यांनी मंत्र्यांचा निर्णय गंभीर चुकीचा ठरवला, आणि शरीफ पायउतार झाले. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी चौकशी, मग निष्कर्ष, आणि शेवटी राजीनामा. राजीनामा हा चौकशीचा परिणाम होता. चौकशी टाळण्याचा उपाय नव्हता.

तथापि त्या काळाचे सोने करून सांगण्याचेही कारण नाही. त्याच वर्षी, त्याच प्रांतात, त्याच पक्षाने दुसरा एक निवाडा केला. जुलै १९३८ मध्ये डॉ. खरे यांनी वरिष्ठांस न विचारता राजीनामा देऊन आपले मंत्रिमंडळ नव्याने बनवले, आणि पंडित रविशंकर शुक्ल प्रभृती सहकाऱ्यांस वगळले. त्याबरोबर अवघ्या काही दिवसांत त्यांना पदत्याग करावा लागला, आणि कार्यकारिणीने बेशिस्तीचा ठपका ठेवून त्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरवले. येथे बाहेरचा न्यायाधीश बोलावला गेला नाही. पक्षच फिर्यादी झाला आणि पक्षच न्यायाधीश. डॉ. खरे यांनी पुढे आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली, आणि विदर्भातील पुष्कळ मराठी मंडळींस हा मराठी माणसावरील अन्याय वाटला. त्या वादाचा निकाल लावणे हा आमचा विषय नाही. परंतु एकाच वर्षातील ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली असता पक्ष या संस्थेचा स्वभाव उघड होतो. लोकांविरुद्धच्या अपराधाचे माप पक्ष दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो, आणि क्वचित देतो. स्वतःविरुद्धच्या अपराधाचे माप मात्र तो स्वतःच्याच हाती ठेवतो, आणि तेथे त्याला क्षणाचाही विलंब खपत नाही. आजच्या कोणत्याही पक्षाच्या शिस्तपालन समितीने बंडखोर उमेदवारांवर केलेली कारवाई आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांची स्वतः होऊन केलेली चौकशी, या दोहोंची तुलना वाचकांनी आपल्या मनाशी करून पाहावी.

दुसरे उदाहरण स्वातंत्र्यानंतरचे आहे, आणि आमच्या विषयास ते अधिक जवळचे आहे. हंगामी संसदेतील मुंबईचे काँग्रेस सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईतील सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिचे काम केले, असा आरोप १९५१ साली झाला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव आणला. टी. टी. कृष्णम्माचारी तिचे अध्यक्ष होते. समितीने ठपका ठेवल्यावर सप्टेंबरात मुद्गलांच्या हकालपट्टीचा प्रस्तावही नेहरूंनीच मांडला, आणि चर्चा चालू असतानाच मुद्गलांनी राजीनामा देऊन टाकला. आजच्या रिवाजाप्रमाणे प्रकरण येथे मिटावयास हवे होते. परंतु सभागृहाने ते मिटू दिले नाही. मुद्गल हकालपट्टीस पात्र होते असे सभागृहाने ठरावाद्वारे नोंदवले, आणि त्यांच्या राजीनामापत्रातील मजकुराने सभागृहाचा अवमान होऊन त्यांचा अपराध अधिकच वाढला आहे, असेही त्यात म्हटले. राजीनामापत्राचे एवढे कडक परीक्षण आपल्या संसदीय इतिहासात क्वचितच झाले असेल. सभासद निघून गेला म्हणून प्रश्न निघून जात नाही, हा त्या ठरावाचा अर्थ. तो अर्थ आपण पुढे गमावला.

गमावण्यास फार काळही लागला नाही. मुद्गलांच्या चौकशी समितीचे अध्यक्ष असलेले कृष्णम्माचारी पुढे अर्थमंत्री झाले, आणि आयुर्विमा महामंडळाच्या पैशाने मुंदडा यांच्या कंपन्यांचे भाग विकत घेतल्याच्या प्रकरणात त्यांच्यावरच बालंट आले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना जावे लागले. प्रकरण काँग्रेसचेच फिरोझ गांधी यांनी लोकसभेत उकरून काढले होते, आणि चौकशीही झटपट व खुली झाली, हे त्या पिढीचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु १९६२ साली कृष्णम्माचारी मंत्रिमंडळात परतले. जाण्याची कारणे छापील अहवालात होती. परतण्याची कारणे कोणत्याच अहवालात नव्हती. पुनरागमन हा या वाङ्मयाचा नवा अध्याय तेथून रूढ झाला.

आता आमच्या स्वतःच्या दारात येऊ. बॅ. अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याच्या माणसाने या गृहस्थांविषयी लिहिताना लेखणी सांभाळून धरावी लागते, कारण त्यांचे या प्रदेशावर उपकार आहेत. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तो त्यांच्या कारकीर्दीत. २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश तेव्हाच्या औरंगाबादेत बसू लागले, तेही त्यांच्याच सरकारच्या पाठपुराव्याने. तोवर आमच्या पक्षकारांस दाद मागण्यासाठी मुंबई गाठावी लागे. आणि योगायोग असा की, त्यानंतर चारच दिवसांनी, ३१ ऑगस्ट १९८१ रोजी, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींचा लेख आला. इंदिरा गांधींच्या नावाने काढलेल्या प्रतिष्ठानास देणग्या घेऊन त्यांच्या मोबदल्यात टंचाईच्या काळातील सिमेंट बांधकामवाल्यांस दिले जाते, असा त्याचा आशय होता.

या आरोपावर पक्षाने दिलेले उत्तर कोणते? पहिले उत्तर म्हणजे संबंध झटकणे: प्रतिष्ठानास दिलेले नाव काढून टाकले गेले. नाव गेले, मुख्यमंत्री राहिले. दुसरे उत्तर म्हणजे प्रतीक्षा. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा संबंध निकालपत्रात मांडला, तेव्हा कोठे राजीनामा आला आणि बाबासाहेब भोसले गादीवर बसले. मधल्या साडेचार महिन्यांत पक्षाने स्वतः काही शोधले, कोणास काही विचारले, देणगीदारांची यादी आणि सिमेंटचे परवाने शेजारी ठेवून पाहिले, असे काही लोकांसमोर आले नाही. ते काम वर्तमानपत्राने केले आणि न्यायालयाने केले. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी त्या न्यायालयाचाच पूर्वीचा आदेश रद्द केला. आणि अंतुले यथावकाश केंद्रात मंत्री झाले. ते दोषी होते काय? निर्दोष होते काय? त्यांच्या पक्षाने या दोहोंपैकी एकही वाक्य प्रमाणांनिशी कधी उच्चारले नाही. विरोधकांस ते दोषी ठरवायचे राहिले, आणि चाहत्यांस निर्दोष ठरवायचे राहिले.

येथे आम्हां मराठवाडेकरांच्या वाचनातील एका दुबळेपणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ‘माणूस कामाचा होता’ हे आमचे एक आवडते वाक्य आहे. ज्याने जिल्हा दिला, खंडपीठ दिले, त्याला सिमेंटच्या गोण्यांवरून जाब विचारणे आम्हांस कृतघ्नपणाचे वाटते. वस्तुतः या दोन वेगळ्या खतावण्या आहेत. खंडपीठाची कृतज्ञता जमेच्या बाजूस मांडावी, तिच्यात काही खोटे नाही. परंतु तिच्या जोरावर दुसऱ्या खतावणीचे पानच फाडून टाकावे, असा हिशेब कोणत्याही पेढीवर चालत नाही. आणि यातील विसंगती पाहा: जे खंडपीठ मिळाल्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहो, ते सत्ताधाऱ्याला जाब विचारता यावा याचसाठी तर हवे होते!

‘माणूस कामाचा होता’ या वाक्याचा धाकटा भाऊ म्हणजे ‘आपला माणूस टिकू दिला नाही’ हे वाक्य. निलंग्याचे शिवाजीराव पाटील जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कन्येच्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतील गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने प्रतिकूल ताशेरे ओढले, आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. नांदेडचे अशोक चव्हाण यांनी मुंबईतील कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. दोन्ही वेळी मराठवाड्यात प्रादेशिक अस्मितेचा सूर लागला: मुंबईच्या व पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणाने आमचा माणूस खाल्ला. या सुरात अनुभवाचा अंश नाही असे आम्ही म्हणणार नाही. मागासलेपणाच्या खुणा या प्रदेशाने पुष्कळ वर्षे अंगावर वागवल्या आहेत. परंतु पक्षांना हा सूर फार सोयीचा पडतो. प्रदेशाने आपल्या पुढाऱ्याचे वकीलपत्र घेतले की पक्षाला उत्तर देण्याचे काही कारणच उरत नाही.

‘आदर्श’चा पुढील इतिहास या वाङ्मयाच्या अभ्यासकास मोठा बोधप्रद आहे. न्यायमूर्ती जे. आ. पाटील यांच्या आयोगाचा अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळासमोर आला, आणि त्याच पक्षाच्या सरकारने तो प्रथम फेटाळला. दिल्लीहून राहुल गांधींनी जाहीर नापसंती दाखवल्यावर काही दिवसांतच तेच सरकार तो अंशतः स्वीकारते झाले. एकच अहवाल, तेच पुरावे, तेच वाचक. बदलली ती वरिष्ठांची मर्जी. २०१४ साली चव्हाणांस लोकसभेची उमेदवारी मिळाली व नांदेडकरांनी त्यांना निवडून दिले. पुढे ते पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. २०१७ साली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर खटला भरण्यास राज्यपालांनी दिलेली परवानगी रद्द केली, हेही न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, ज्या भारतीय जनता पक्षाने ‘आदर्श’वरून रान उठवले होते आणि ज्याच्या केंद्र सरकारने त्याच आठवड्यात संसदेत मांडलेल्या श्वेतपत्रिकेत ‘आदर्श’चा समावेश केला होता, त्याच पक्षात त्यांनी प्रवेश केला व ते राज्यसभेवर गेले. आता एका पक्षाला विचारावे, की तुम्ही या गृहस्थांना का काढले होते आणि का परत घेतले? दुसऱ्याला विचारावे, की तुम्ही त्यांच्याविरुद्ध जे बोललात ते खरे होते की नव्हते? खरे असेल तर प्रवेश का दिला, आणि खोटे असेल तर क्षमा का मागितली नाही? दोन्ही पक्षांच्या दप्तरी या प्रश्नांच्या उत्तराचा एक कागदही लोकांस दिसलेला नाही.

कोणा एका पक्षावर हा दोष ढकलता येणार नाही. जानेवारी १९९९ मध्ये मनोहर जोशी यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. पुण्यातील शाळेच्या राखीव भूखंडाचे प्रकरण तेव्हा न्यायालयात गाजत होते. परंतु राजीनामा आला तो पक्षप्रमुखांच्या आज्ञेने, आणि आज्ञेला कारण विचारण्याची त्या पक्षात रीत नव्हती. भूखंडाविषयीचा निकाल नंतर लागला. पक्षाचे स्वतःचे मत काय, ते कळले नाही. त्याच वर्षी जोशी केंद्रात मंत्री झाले आणि २००२ साली लोकसभेचे अध्यक्षही. राष्ट्रवादी काँग्रेसचे अजित पवार यांनी सिंचनाच्या खर्चावरून उठलेल्या वादळात २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्रिपद सोडले, आणि अडीच महिन्यांच्या आत, ७ डिसेंबरला, ते पुन्हा त्याच पदावर आले. मधल्या काळात घडले ते इतकेच की, जलसंपदा खात्याने एक श्वेतपत्रिका काढली. आणि ते खाते त्यांच्याच पक्षाकडे होते. ज्या वर्षी हे चालले होते त्या वर्षी जालना, बीड व धाराशिव या जिल्ह्यांतील गावे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. दहा वर्षांत हजारो कोटी खर्चूनही राज्यातील सिंचनाचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढले, असा अर्थ राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून काढला गेला होता. तो अर्थ बरोबर की चूक, आणि चूक असल्यास खरा आकडा कोणता, हे कळणे त्या गावांच्या दृष्टीने कोणाच्याही मंत्रिपदापेक्षा महत्त्वाचे होते. त्यांना मंत्रिपदाची बातमी मिळाली; आकड्याचा वाद तसाच राहिला.

अगदी अलीकडचे प्रकरण बीड जिल्ह्यातील आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचांची अमानुष हत्या झाली. मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्ती म्हणून ओळखला जाणारा इसम तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात मुख्य आरोपी ठरला. मंत्री स्वतः त्या खटल्यात आरोपी नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सुमारे तीन महिने मोर्चे निघाले, आणि पक्षाचे उत्तर एकच राहिले: तपास चालू आहे, दोषींची गय केली जाणार नाही. मग हत्येची छायाचित्रे लोकांसमोर आली, आणि दुसऱ्या दिवशी, ४ मार्च २०२५ रोजी, राजीनामा झाला. मंत्र्यांनी त्यासाठी सद्सद्विवेकबुद्धीबरोबर आपल्या प्रकृतीचे व वैद्यकीय सल्ल्याचे कारण सांगितले. पक्षाध्यक्षांनी नैतिकतेचे कारण सांगितले. एकाच कृतीची ही दोन भाष्ये टीकाकाराने जुळवावी कशी? प्रकृतीसाठी दिलेला राजीनामा प्रकृती सुधारताच परत घेता येतो. नैतिकतेसाठी दिलेल्या राजीनाम्यात कोणत्या कर्तव्यात कसूर झाली हे सांगावे लागते. दोन्ही कारणे एकदम पुढे केल्याने दोन्हींच्या जबाबदारीतून सुटका होते. आणि छायाचित्रांनी राजीनामा आणला असेल, तर आरोपपत्रातील शब्दांना काहीच वजन नव्हते काय, हा प्रश्न बीडच्या माणसाच्या मनातून जात नाही.

आता या लेखनाच्या भाषेकडे वळू. तिचे पहिले लक्षण म्हणजे कर्त्याचा लोप. ‘चूक झाली असल्यास’, ‘भावना दुखावल्या गेल्या असल्यास’, ‘गैरसमज पसरवला जात आहे’: अशा वाक्यांत क्रिया असते, कर्ता नसतो. मराठीच्या कर्मणी व भावे प्रयोगांचा असा सराईत उपयोग आमच्या व्याकरणकारांच्या स्वप्नातही आला नसेल. दुसरे लक्षण म्हणजे ‘नैतिक जबाबदारी’ या शब्दाची अवस्था. ‘मी नैतिक जबाबदारी स्वीकारतो’ याचा वाच्यार्थ जबाबदारी घेणे असा आहे. परंतु ते ज्या प्रसंगी उच्चारले जाते त्यावरून निघणारा ध्वनी अगदी उलटा असतो: कायद्याने माझ्यावर काही नाही, सबब अधिक विचारू नका. आमच्या साहित्यशास्त्रकारांनी व्यंजनेला काव्याचा आत्मा म्हटले. राजकारणाने तिला पळवाट केले. तिसरे लक्षण म्हणजे काळाचा खेळ. आरोप नवा असता ‘चौकशीच्या निष्कर्षाची वाट पाहू’ म्हणावयाचे, आणि निष्कर्ष आला असता ‘हे प्रकरण जुने झाले’ म्हणावयाचे. प्रकरण ताजेही नाही आणि जुनेही नाही, असा मधला एक दिवस उत्तरासाठी कधीच उगवत नाही.

तुलनेसाठी परदेशातील एकच राजीनामा घेऊ. ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो यांनी मार्च १९६३ मध्ये सभागृहात एक निवेदन केले आणि जूनमध्ये राजीनामा दिला. राजीनाम्यात त्यांनी आपण सभागृहाची दिशाभूल केली हे कबूल केले. त्यांच्या पक्षाने त्यांच्यावर विश्वास ठेवण्यात जो भोळेपणा दाखवला, त्याबद्दल त्या पक्षाची पुरेशी नाचक्की झाली. इंग्रजांस साधुत्वाचे प्रमाणपत्र देण्याची काही गरज नाही. परंतु त्या पत्रात एक वाक्य असे होते की ज्याला कर्ता होता, क्रियापद होते आणि कर्मही होते. प्रोफ्यूमो पुढे राजकारणात परतले नाहीत. लंडनच्या गरीब वस्तीतील एका सेवासंस्थेत त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. ॲरिस्टॉटलच्या शोकांतिकेत नायकाच्या पतनाबरोबर त्याला सत्याचे ज्ञान होणे हा कथानकाचा उत्कृष्ट भाग मानला आहे. आमच्याकडील राजीनाम्यात पतन असते, ज्ञान नसते. म्हणूनच त्याची शोकांतिका होत नाही, नुसते मध्यंतर होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पक्ष म्हणजे न्यायालय नव्हे. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. विरोधकांनी धूळ उडवली की आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडावयाचे, तर उद्या कोणीही टिकणार नाही. यातील प्रत्येक विधान खरे आहे. परंतु तुरुंगात घालण्यासाठी लागणारा पुरावा आणि विश्वासाचे पद देण्यासाठी लागणारी खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या माणसाने विश्वासाला तडा दिला असा वाजवी संशय आहे, त्याला पेढीचा मालक फौजदारीचा निकाल लागेपर्यंत तिजोरीच्या किल्ल्या देत नाही; आणि म्हणून त्याला चोरही म्हणत नाही. तो हिशेब तपासतो. शिवाय या आक्षेपातूनच आमच्या म्हणण्यास बळकटी येते. माणूस खरोखर निर्दोष असेल, तर पक्षाच्या मौनाने त्याचेच सर्वाधिक नुकसान होते. न्यायालयाने परवानगी रद्द केली, खटला बारगळला, आयोगाचा अहवाल धूळ खात पडला. यांपैकी कशानेही ‘हा मनुष्य स्वच्छ आहे’ असे वाक्य तयार होत नाही. ते वाक्य पुराव्यानिशी म्हणण्याची जबाबदारी पक्षाची होती. ती पार न पाडता त्याला परत पदावर बसवणे म्हणजे संशयासकट बसवणे होय. सध्याच्या पद्धतीत दोषी माणूस शिक्षेवाचून सुटतो आणि निर्दोष माणूस डागासकट जगतो.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. नागपूरच्या १९३८ च्या उदाहरणाने दाखवले आहे की, पक्षाला बाहेरच्या निःस्पृह माणसाकडे प्रकरण सोपवता येते. १९५१ च्या ठरावाने दाखवले आहे की, राजीनाम्यानंतरही प्रश्न जिवंत ठेवता येतो. या दोहोंस आम्ही एकच गोष्ट जोडू इच्छितो. पक्षाने ज्याला काढले त्याला परत घेताना, उमेदवारी देताना किंवा दुसऱ्या पक्षातून आलेल्यास आपल्यात सामावताना, चार पानांचा एक कागद प्रसिद्ध करावा: आरोप काय होता, आम्ही काय तपासले, काय आढळले, आणि म्हणून काय ठरवले. यासाठी नवा कायदा नको, आयोग नको, निधी नको. हवी आहे ती फक्त कर्ता असलेली वाक्ये लिहिण्याची तयारी.

ही तयारी पक्ष आपण होऊन दाखवतील असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. वाङ्मय त्याच्या वाचकांच्या अभिरुचीप्रमाणे घडते, हा नियम येथेही लागू आहे. राजीनाम्याच्या दिवशी पेढे वाटणारे आणि पुनरागमनाच्या दिवशी जेसीबीने फुले उधळणारे आपणच आहोत. कधी ते गावाच्या दोन निरनिराळ्या आळ्यांत राहतात, कधी एकाच घरात. पहिल्यांस शत्रू पडल्याचा आनंद, दुसऱ्यांस आपला माणूस उभा राहिल्याचा आनंद. काय झाले हे मात्र दोघांनीही विचारलेले नसते. मिरवणुकीच्या वाटेवर कोणी एक म्हातारा मास्तर उभा राहून तोच प्रश्न विचारील, तर त्याला बाजूस सारण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही याची निदान लाज वाटावी, एवढीच वाचकांस विनंती आहे.